नाक धरा, गिळा

त्या मंगळवारी दवाखाना उघडला नाही. नऊ वाजता मी वही घेऊन पायरीवर बसलो होतो. सव्वानऊला शेजारच्या सलूनचे मालक दुकान उघडायला आले आणि म्हणाले, "डॉक्टर गेले. पहाटं." मी वही बंद केली आणि ऑफिसला गेलो.

"नाक धरा. गिळा." हे वाक्य ज्यांनी त्या काळात लातुरात ऐकलं असेल, त्यांना मी कुणाविषयी लिहितो आहे ते नाव न घेताही कळेल. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ते कानाचे डॉक्टर होते. मूळ गाव निलंग्याच्या पलीकडे, जिथं शेजारच्या गावात कानडी सुरू होतं. शिक्षण हैदराबादला, निजामाच्या राज्यात. कपाळावर रोज सकाळी भस्माचे तीन पट्टे ओढलेले असत. पण डोक्याला भोकाचा आरसा बांधायचा तर पट्टा त्याच जागी येई, त्यामुळे दहा वाजेपर्यंत मधलं भस्म पुसलं जाई आणि दोन्ही कडांना तीन तीन रेघांची टोकं तेवढी उरत.

त्यांच्याकडे आणखी एक आरसा होता, चिंचोक्याएवढा, लांब दांडीचा. तो ते स्पिरिटच्या दिव्यावर गरम करत आणि रोग्याच्या घशात घालण्याआधी आपल्या डाव्या हाताच्या पाठीवर टेकवून बघत. दर वेळी. त्या जागी एक गोल डाग पडला होता.

"कशाला भाजून घेता?" मी एकदा विचारलं.

"आरशावर यकीन न्हाई," ते म्हणाले.

यकीन त्यांचा कशावरच नव्हता. रोग्यावर नव्हता, रोग्याला घेऊन आलेल्या नातेवाइकावर त्याहून नव्हता. मुरुडचा एक शेतकरी कान धरून आला. डॉक्टरांनी विचारलं, "तेल घातलं का?"

"न्हाई जी."

"पुन्हा सांगा."

"न्हाई म्हटलं की. आईची आन."

डॉक्टर वाकले, कानाशी नाक नेलं, वास घेतला. "लसूण. करडईच्या तेलात. कालच्याला." मग मागं उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे वळून म्हणाले, "तुम्ही घातलं. यांना झोपेत." ती पदरात हसू लागली. शेतकऱ्यानं बायकोकडे असं पाहिलं की कानाचं दुखणं तो क्षणभर विसरला असावा.

"पुन्हा सांगा" हे त्यांचं दुसरं वाक्य. कुठल्याही रोग्याला एका सांगण्यात सोडलं असं होत नसे. दोनदा, तीनदा तेच वदवून घेत आणि त्या वेळी नजर रोग्याच्या तोंडावरून हलू देत नसत. लोक म्हणत, डॉक्टर कसले, फौजदार आहेत. बायका तोंडावर पदर धरून बोलू लागल्या की म्हणत, "पदर बाजूला करा, अव्वा. तोंड दिसू द्या." याचाही गल्लीत जो अर्थ काढायचा तो काढला गेला होता. स्वतः ते फार हळू बोलत. इतकं हळू, की बाकावर बसलेल्यांना वाटे आत काहीतरी लपवाछपवी चालली आहे.

आणि पाणी. जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून वाळत होता आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही आला नव्हता. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. अशात डॉक्टरांच्या दारावर खडूनं लिहिलेलं असे: "येताना तांब्याभर पाणी आणावे." रोगी तांब्या घेऊन रांगेत बसत. आत गेलं की डॉक्टर एक घोट तोंडात घ्यायला लावत, कानात नळकांडं घालत आणि म्हणत, "नाक धरा. गिळा." सीमेवरून आलेली म्हातारी असली तर तेच कानडीत, "नुंगरी, अव्वा, नुंगरी." झालं. एक घोट. उरलेला तांब्या ते स्वतःच्या हातानं कोपऱ्यातल्या रांजणात ओतून घेत आणि रिकामं भांडं परत देत.

आता तुम्हीच सांगा, त्या दिवसांत कुणाला शंका येणार नाही? सलूनचे मालक मला म्हणाले होते, "कान तपासायला पानी लागतंय का कुटं? सांजच्याला रांजण भरतोय बघा. हाटेलवाल्याला इकत असनार." मी मान डोलावली होती. मलाही तसंच वाटत होतं.

मी नव्या कलेक्टर कचेरीत लघुलेखक होतो. मूळचा नायगावचा, बदलीवर आलेलो. बायको-मुलं गावी, मी इथं एका खोलीत. घरमालक दिवसाला एक घागर पाणी देत. काम साहेबांचं बोलणं टिपून घ्यायचं. कुठल्या गावाला टँकर, कुठं खडी फोडण्याचं काम, कुठली विहीर आटली. साहेब जीपमध्ये बसूनही सांगत आणि मी मागच्या सीटवर वही गुडघ्यावर ठेवून लिहीत असे. त्या धुळीनं मला सर्दी झाली. सर्दी गेली, डावा कान मात्र मागे राहिला.

दुखत नव्हता. बंद होता. गिळताना आत काहीतरी कचकन वाजे, खडीसाखर दाढेखाली यावी तसं. माझा स्वतःचा आवाज मला डोक्यात घुमल्यासारखा मोठा ऐकू येई आणि साहेबांचा भिंतीपलीकडून आल्यासारखा. लिहिताना ओळी सुटू लागल्या. शेजारच्या टेबलावरचे दोघं बोलत असले की त्यांचे ओठ हलताना दिसत, शब्द येत नसत. ते माझ्याकडे बघून हसले असं मला वाटे. रोज वाटे. मी त्यांच्याशी बोलणं कमी केलं.

आमचे शिरस्तेदार म्हणजे कचेरीतल्या कारकुनांचे वरिष्ठ. जिभेचे तिखट. "काय स्टेनो, कान कुठं ठेवून आलात? नायगावला?" असं सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांच्या शंकेला कारण होतं. टंचाईच्या दौऱ्यांवर जाणं टळावं म्हणून चौघा कारकुनांनी एकापाठोपाठ कान गेल्याची तक्रार केली होती. मी पाचवा. नव्या जिल्ह्याला सरकारी कानाचे डॉक्टर अजून मिळायचे होते, म्हणून शिरस्तेदारांनी मला चिठ्ठी देऊन याच डॉक्टरांकडे पाठवलं. चिठ्ठीत होतं: तपासून अभिप्राय द्यावा.

मला दोन्हीकडून भीती होती. कान खोटा ठरला तर कारवाई होणार. कान कायमचा गेला असं ठरलं तर लघुलेखकाचं काम जाणार आणि उरलेली नोकरी रेकॉर्ड रूममध्ये दप्तरं बांधण्यात जाणार. शब्द टिपण्याखेरीज मला दुसरं काही येत नव्हतं. आजार खरा आहे आणि बरा होणारा आहे, एवढंच कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. ते लिहिण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्यांचा कुणावरच यकीन नव्हता.

घागरीतला एक तांब्या घेऊन मी रांगेत बसलो.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, ड्रॉवरमध्ये टाकली. दोन पायांचा लोखंडी काटा घेतला, गुडघ्यावर आपटला आणि त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवली. काटा वाजत होता.

"कुठल्या कानात वाजतं?"

वाजत होतं डाव्या कानात. बंद कानात. चांगला कान गप्प होता आणि बंद कानात देवळातल्या घंटेसारखा नाद भरला होता. मी घाबरलो. मनात हिशेब केला: जो कान ऐकत नाही म्हणून आलो, त्यातच ऐकू येतं असं सांगितलं तर हा माणूस म्हणणार, लबाड आहे. बाहेर सलूनवाले ऐकणार, तिकडे शिरस्तेदारांना चिठ्ठी जाणार.

"उजव्या," मी म्हणालो.

"पुन्हा सांगा."

"उजव्या कानात."

"पुन्हा."

"उजव्या, साहेब."

त्यांनी काट्याचे पाय मुठीत धरून नाद बंद केला. "खोटं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यांचा चढतच नसे. "उद्या या. तांब्या आणा." आणि आजचा माझा तांब्या, एक घोटही न घेता, रांजणात ओतला.

मी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही. त्या दिवशी खरं वाटावं म्हणून बोललो. दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. "डाव्या कानात वाजत होतं. बंद कानात. खरं सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल म्हणून उजवा म्हणालो."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पहिल्यांदाच हसले.

"तुमच्या कचेरीतले चौघं येऊन गेले. चौघंबी म्हणाले, चांगल्या कानात वाजतं. अक्कल तेच सांगती ना! ते खोटे होते. तुम्ही खरे असून त्यांच्या वळीत जाऊन बसलात. उजव्या कानात बोट घाला. घट्ट. आता तोंड मिटून हुं करा."

मी केलं. माझा हुंकार बोट घातलेल्या कानात जाऊन बसला. तुम्हीही करून पाहा. बाहेरचा आवाज अडला की हाडातून येणारा त्याच बाजूला मोठा होतो. त्यासाठी शाळा शिकावी लागत नाही, पण मी चाळीस वर्षांचा होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी कानात नळकांडं घातलं, आरशातून उजेड पाडला. "घोट घ्या. नाक धरा. गिळा." मी गिळलं. "पुन्हा." पुन्हा गिळलं. तिसऱ्या वेळी तांब्या अर्धा झाला.

"पडदा हलत न्हाई. आत ओढून बसलाय. मागं पाणी हाय थोडं."

"कानात पाणी गेलं नाही हो माझ्या."

"बाहेरून न्हाई. तेलाचा डबा कसा फोडता तुम्ही?"

मला कळेना.

"किराणा दुकानात बघितला का न्हाई? एक भोक पाडलं तर तेल गुळगुळ करतं, येत न्हाई. दुसरं पाडावं लागतं, वारा आत जायला. कानालाबी दुसरं भोक हाय. कानाच्या पडद्यामागून एक बारीक नळी निघती, ती नाकाच्या मागं येऊन उघडती. एरवी मिटलेली असती. गिळलं, जांभई दिली की क्षणभर उघडती, वारा आत जातो. तुमची उघडंना झाली. आतला वारा कानानं पिऊन टाकला. डब्याला पोचा पडतो तसा पडदा आत गेला. रिकाम्या जागेत पाणी झिरपलं." त्यांनी हात पुसले. "कान चांगला हाय तुमचा. दाराचा घोटाळा हाय."

एवढ्या हळू आवाजात इतकं मोठं बोलणं त्यांनी दुसऱ्या कुणापाशी केलं असेल असं वाटत नाही. मला वाटलं, आता चिठ्ठी लिहितील.

"चिठ्ठी?" मी विचारलं.

"न्हाई. शक हाय मला."

"आता माझ्यावर कशाला?"

"तुमच्यावर न्हाई. दोन्ही कान बसले असते तर सर्दी म्हटलं असतं. एकच बसलाय. दीड महिना झाला. लेकराचं येगळं, मोठ्या माणसाचा एकच कान असा बसला की नाकाच्या मागं बघावं लागतं. नळीच्या तोंडापाशी काही वाढलं असलं तर ते दार दाबून धरतं."

काय वाढलेलं असू शकतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी लहान आरसा दिव्यावर धरला, हाताच्या पाठीवर टेकवला, माझ्या टाळूमागं नेला. मला उमासे येत होते. ते बराच वेळ बघत होते.

"काही तरी दिसतं. सुजलंय का वाढलंय, आरशात कळत न्हाई. नांदेडला जा. चिठ्ठी देतो."

नांदेडला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी नाकामागचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. मी एसटीनं गेलो आणि एसटीनं परत आलो. नायगाव तिथून पुढे, गाडी समोर उभी होती. चढलो नाही. बायकोला काय सांगायचं ते ठरत नव्हतं. ते दिवस मी कसे काढले ते लिहिण्याजोगं नाही. एवढंच सांगतो, की शेजारच्या टेबलावरचे दोघं कुजबुजले की मला वाटे, यांना कळलं आहे.

रिपोर्ट आला. वाईट काही नव्हतं. नुसती सूज. मी पाकीट घेऊन धावत गेलो. डॉक्टरांनी वाचलं, उजेडाला धरलं, उलटं करून पाहिलं. "कागदावर यकीन न्हाई. दर मंगळवारी या. सूज उतरताना मला दिसली पाहिजे."

असे माझे मंगळवार सुरू झाले. नाकात टाकायचे थेंब, वाफ आणि रबराचा एक फुगा. घोट तोंडात धरायचा, फुग्याचं टोक एका नाकपुडीत, दुसरी नाकपुडी डॉक्टरांच्या बोटाखाली. "गिळा" म्हणत आणि त्याच क्षणी फुगा दाबत. वारा त्या नळीतून कानात जावा म्हणून. स्वतः नाक दाबून जोरानं फुगवायला मात्र त्यांची मनाई होती. "पडदा फाडून घ्याल आणि मला सांगाल, काही केलं न्हाई."

याच मंगळवारांमध्ये मला रांजणाचं कळलं. एका टँकरवाल्या गावची म्हातारी आली होती, रिकाम्या हातानं. "पानी कुटनं आनू बाबा? प्यायाला न्हाई," म्हणाली. डॉक्टर उठले. रांजणातलं पाणी पातेल्यात घेऊन स्टोव्हवर उकळत ठेवलेलं होतं. त्यातलं कोमट पाणी पेल्यात ओतून तिला दिलं. "नुंगरी, अव्वा." तिनं घोट गिळला, मग पेला तोंडाला लावून उरलेलं सगळं प्याली. डॉक्टरांनी दुसरा भरून दिला. तोही प्याली. बाहेरच्या बाकावर तशीच आणखी चौघं-पाचजणं होती.

ती गेल्यावर मी म्हणालो, "हे दारावर का लिहीत नाही? गल्लीत लोक काय काय बोलतात."

"लिव्हलं तर मोजून आणतील. वाटीत." ते आरसा पुसत होते. "शक घेतात तोवर तांब्या भरून आणतात. डॉक्टर मोठा लोभी हाय, कमी आणलं तर तपासणार न्हाई म्हणून."

पाचव्या की सहाव्या मंगळवारी फुगा दाबला आणि माझ्या डाव्या कानात टक् असं झालं. रस्त्यावरून गेलेली सायकलची घंटी दोन्ही कानांत वाजली. मी ऑफिसला गेलो. शेजारच्या टेबलावरचे दोघं बोलत होते. पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आलं. एक दुसऱ्याला सांगत होता, की सासुरवाडीची म्हैस चाऱ्याअभावी छावणीत बांधली आहे आणि तिथं ती कुणालाच दूध देत नाही. मी दिवसभर कान देऊन ऐकलं. माझं नाव एकदाही आलं नाही. बहुधा कधीच येत नव्हतं.

कान उघडल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. तीन-साडेतीन महिने मी स्वतः हळू बोलत होतो. शिरस्तेदार सारखे म्हणत, "मोठ्यानं बोला." कारण माझा आवाज मलाच मोठा ऐकू येत होता. आता तो जागेवर आला आणि मी पूर्वीसारखा बोलू लागलो. मग मला डॉक्टरांचा आवाज आठवला. तो नेहमीच हळू. आणि ते "पुन्हा सांगा". मंगळवारी बाकावर बसून मी मोजू लागलो, म्हणजे टिपू लागलो, ती माझी सवयच. ज्याच्या मिशा ओठांवर आलेल्या, त्याला तीनदा सांगायला लावत. पदरातून बोलणाऱ्या बाईला पदर काढायला लावत. माझ्या मिशा नाहीत. मी उजेडाकडे तोंड करून बसत असे. मला कपाळावर काटा ठेवल्याच्या दिवसानंतर त्यांनी "पुन्हा सांगा" म्हटलं नव्हतं.

मला शंका आली आणि शंका आली की तपासायची, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. पुढच्या मंगळवारी ते पाठमोरे होते, आरसा दिव्यावर धरलेला. स्टोव्ह फरफरत होता, पातेलं उतू जाऊ लागलं होतं. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "डॉक्टर, पाणी उतू जातंय."

ते वळले नाहीत. मी पुन्हा म्हणालो. ते वळले नाहीत. पाणी स्टोव्हवर सांडलं, फसफसलं. त्याचा वास आला तेव्हा वळले. आधी स्टोव्हकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"पुन्हा खोटं बोललात, स्टेनोसाहेब."

त्यांनी स्टोव्ह बंद केला आणि खुर्चीवर बसले. "कधीपासून शक हाय तुम्हाला?"

"पंधरा दिवस."

"मला नऊ वर्षं." बोटानं आधी एक कान दाखवला, मग दुसरा. "आतलं सगळ्यात बारीक हाड घट्ट बसलंय. तुमच्या दारासारखं न्हाई, गिळून उघडत न्हाई. मुंबईला ऑपरेशन करतात."

"मग?"

"करणाऱ्यावर यकीन न्हाई."

आम्ही दोघंही हसलो नाही. बाहेर रांग होती. ते म्हणाले, "पडदा डोळ्यानं बघतो. काटा हाताला कळतो. तपासण्यात चूक केली न्हाई कधी. पर लोकांना हे कळलं तर? बहिऱ्याला कान दाखवायला कोण यील?"

ड्रॉवरमध्ये माझी चिठ्ठी होती. महिनाअखेरपर्यंत अभिप्राय आला नाही तर दुसरा लघुलेखक मागवतो, असं शिरस्तेदारांनी मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं. ते डॉक्टरांना ठाऊक होतं, आल्याआल्या मीच सांगितलं होतं. त्या खोलीत आम्ही दोघं एकमेकांच्या नोकऱ्या धरून बसलो होतो. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की आता हे म्हणणार, तुम्ही गप्प बसा, मग लिहून देतो. माझ्याबद्दल त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही.

त्यांनी ड्रॉवर उघडला. चिठ्ठी काढली, मागच्या बाजूला लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि माझ्या हातात दिली. "जा. आता कुणालाबी सांगा."

मी जिन्यात... जिना नव्हता, पायरी होती, तिथं उभं राहून वाचलं. "सदर इसमाच्या डाव्या कानाच्या नळीचा दोष होता. तो बरा झाला आहे. लेखनाचे काम करण्यास योग्य. सदर इसमाने सांगितलेले खरे आहे." शेवटचं वाक्य मागितलेलं नव्हतं.

मी ते कचेरीत दिलं. शिरस्तेदारांनी दोनदा वाचलं. "त्या माणसानं असं लिहिलं? कुणाबद्दल?" म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ते मीच लिहून आणलं असावं.

पुढच्या मंगळवारी कान बरा असूनही मी नऊ वाजता गेलो. बरोबर तांब्या होता आणि लघुलिपीची वही. बाकावर न बसता आत गेलो आणि टेबलाच्या कडेला स्टूल ओढून घेतलं. पहिला रोगी मिशीवाला होता. तो बोलला तसं मी लिहिलं, पण लघुलिपी डॉक्टरांना वाचता येईना, म्हणून खाली मराठीत मोठ्या अक्षरात एक ओळ: "आठ दिवसांपासून, उजवा, रात्री ठणका, पाणी येतं." कागद त्यांच्यासमोर सरकवला. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं, रोग्याकडे वळले.

"पुन्हा सांगा," त्याला म्हणाले.

सवय. तो पुन्हा सांगेपर्यंत त्यांनी नळकांडं उचललं होतं.

त्यानंतर दर मंगळवारी साडेदहापर्यंत मी तिथं असे. मंगळवारी खेड्यांतले रोगी जास्त येत. गल्लीत नवी शंका निघाली: कलेक्टर कचेरीचा माणूस वही घेऊन बसतो, म्हणजे डॉक्टरांवर चौकशी लागली आहे. पाण्याचीच असणार. सलूनचे मालक एकदा डोळा मारून मला म्हणाले, "धरा त्यास्नी, सायेब." मी म्हणालो, "बघतो." हे डॉक्टरांना लिहून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की कपाळावरचा आरसा डोळ्यांवर आला.

पुढे पाऊस आला. दारावरचं खडूचं वाक्य पुसलं गेलं, पण जुने रोगी तांब्या आणतच राहिले. मला पदोन्नती मिळाली, बायको-मुलं लातुरात आली. मंगळवार तसाच राहिला. मी कुठे जातो असं बायकोनं विचारलं तेव्हा "कानाकडे" असं सांगितलं. ते खोटं नव्हतं.

ते गेले त्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांना बसवून नेण्याची तयारी चालली होती, त्यांच्यात तशी रीत आहे. कपाळावर भस्म लावलेलं होतं, तीन पट्टे, कडेपासून कडेपर्यंत, मध्ये कुठेही पुसलेले नव्हते. त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या पत्नी माझ्याजवळ आल्या. तोंडावर पदर होता, तो त्यांनी बाजूला केला, इतक्या वर्षांची घरातली सवय.

"तुम्हीच ना मंगळवारचे?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मला म्हणायचे, त्याला माहीत हाय, पर त्यानं कुणाला सांगितलं न्हाई. मी म्हणायची, कशावरून? तर म्हणायचे, अजून रोगी येतेत की." मग म्हणाल्या, "तरी दर सोमवारी विचारायचे, उद्या यील का गं तो?"

दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. रांजण कुठं गेला ते मला कळलं नाही. मंगळवारच्या वह्या माझ्याकडे आहेत. शेवटच्या वहीत अर्ध्यानंतरची पानं कोरी आहेत. थंडीत सर्दी झाली की माझा डावा कान बंद होतो. मी पाण्याचा घोट घेतो, नाक धरतो आणि गिळतो. तो उघडतो.